निकालाआधीची घालमेल : प्रतीक्षेचे दिवस काढावेत कसे?

कोल्हापूर : दहावी-बारावीचा शेवटचा पेपर संपला, की ‘सुटलो एकदाचे’ असे म्हणत मुले परीक्षा केंद्राबाहेर पडतात. मात्र खरी परीक्षा अनेकदा त्यानंतरच सुरू होते. २०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा १७ मार्चला संपली आणि निकाल १३ मे रोजी लागला. मधले ५७ दिवस हाती पुस्तक नव्हते, पण मनावरचे ओझेही उतरलेले नव्हते. २०२४ मध्ये हीच प्रतीक्षा ६२ दिवसांची होती. २०२० मध्ये तर करोनामुळे दहावीचा भूगोलाचा अखेरचा पेपर रद्द झाला आणि निकालासाठी २९ जुलै उजाडावा लागला. अभ्यास कसा करावा, पेपर कसा सोडवावा याचे मार्गदर्शन ठिकठिकाणी मिळते. निकालाची वाट कशी पाहावी, हे मात्र कोणी शिकवत नाही.

कोल्हापुरात हे दिवस ऐन उन्हाळ्यातले असतात. जोतिबाची चैत्र यात्रा होते, वळवाच्या सरी येऊन जातात, संध्याकाळी रंकाळ्यावर गर्दी फुलते. वसतिगृहात राहणारी मुले चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडीकडे आपापल्या गावी परततात. सगळे कसे सुटीसारखे दिसते. पण ‘निकाल कधी?’ आणि ‘किती पडतील?’ हे दोन प्रश्न लग्नघरापासून किराणा दुकानापर्यंत मुलांचा पाठलाग करतात. पेठांमध्ये एकमेकांना ओळखणारी घरे, तालमीच्या कट्ट्यावर रंगणाऱ्या चर्चा आणि चौकात झळकणारे अभिनंदनाचे फलक, अशा या शहरात निकाल ही एका घरापुरती गोष्ट राहत नाही. ती गल्लीची होते. आनंद त्यामुळे दुणावतो हे खरे. पण भीतीही तितकीच वाढते.

एवढे दिवस लागतात कशासाठी?

प्रतीक्षेच्या काळात अफवांना ऊत येतो. ‘पेपर कडक तपासले जात आहेत’, ‘आपल्या विभागाचे गुण कापले जाणार’, ‘निकाल उद्याच आहे’ असे संदेश मोबाईलवर फिरतात. म्हणूनच मधल्या काळात नेमके काय घडते, हे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची राज्यात नऊ विभागीय मंडळे आहेत. कोल्हापूर विभागात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. लेखी परीक्षा झाल्यावर उत्तरपत्रिका परीक्षकांकडे जातात. त्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांची नियामक पडताळणी करतात आणि त्यावर मुख्य नियामकांची देखरेख असते. त्यानंतर लेखी परीक्षेच्या गुणांत तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मिळवले जातात आणि संगणकावर निकाल तयार होतो. तपासणी एका हाती नसते आणि उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते. कोणी व्यक्तिशः आपल्यावर राग काढील, ही भीती त्यामुळे निराधार आहे.

निकालाची तारीख मंडळ साधारणतः एक-दोन दिवस आधी अधिकृतपणे जाहीर करते. त्यापूर्वी फिरणाऱ्या तारखा हे निव्वळ अंदाज असतात. दरवर्षी अशा खोट्या तारखांनी हजारो घरांची झोप उडते. तारीख मंडळाच्या संकेतस्थळावर दिसेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा साधा नियम घरात केला तरी बरीचशी घालमेल टळते.

खात्रीच्या वाईटापेक्षा अनिश्चितता जड

वाईट बातमी कळण्यापेक्षा ती कळेल की काय, ही धाकधूक अधिक छळते, असा अनुभव बहुतेकांना असतो. त्याला शास्त्रीय आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ४५ स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावरील दगडाखाली साप आहे की नाही, याचा अंदाज त्यांनी करायचा होता. साप निघाला, तर हाताला विजेचा हलका पण त्रासदायक झटका बसे. झटका बसणारच अशी खात्री असताना ताण सर्वाधिक असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना ताण सर्वाधिक होता. हातांना सुटणारा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून हे मोजण्यात आले.

निकालाच्या वाटेवर असलेल्या मुलांना हे जसेच्या तसे लागू होते. सर्वांत अस्वस्थ असतो तो अगदी काठावरचा विद्यार्थी. ३५ गुणांच्या रेषेजवळ असलेला मुलगा जसा काठावर असतो, तशीच हव्या त्या महाविद्यालयाच्या प्रवेशरेषेपासून दोन-चार गुणांवर असलेली मुलगीही काठावरच असते. ‘तू तर हुशार आहेस, तुला कसली काळजी?’ हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी ठरते. काळजी हुशारीवर ठरत नाही. रेषा किती जवळ आहे यावर ठरते.

प्रतीक्षेचा स्वतंत्र अभ्यास अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी केला आहे. कॅलिफोर्नियात वकिलीच्या परवान्याची परीक्षा दिल्यानंतर निकालासाठी सुमारे चार महिने थांबावे लागत असे. त्या काळात दोनशेहून अधिक विधी पदवीधरांच्या मनःस्थितीची नोंद त्यांनी ठेवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष बोलके आहेत. चिंता दाबण्याच्या, विसरण्याच्या, ‘सगळे छानच होणार’ असे स्वतःला बजावण्याच्या बहुतेक युक्त्या फारशा चालल्या नाहीत. पण जे काळजी करत राहिले, त्यांनी वाईट बातमी अधिक धीराने पचवली आणि चांगली बातमी आली तेव्हा त्यांचा आनंदही मोठा होता. थोडक्यात, प्रतीक्षेत अस्वस्थ होणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे. ‘मला एवढी काळजी का वाटते?’ याचीच काळजी करणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगितले पाहिजे.

प्रतीक्षेतील चिंता सगळे दिवस सारखी नसते, असेही या विषयावरील संशोधन सांगते. परीक्षा संपल्यावर लगेच ती जास्त असते, मधल्या काळात ओसरते आणि निकाल जवळ आला की पुन्हा उसळते. शेवटच्या आठवड्यात पोटात गोळा येऊ लागला, तर काही नवे बिघडले आहे असे मानण्याचे कारण नाही.

मनाचे दुखणे शरीरात

चिंतेची पहिली जाणीव पुष्कळदा शरीराला होते. धोका जाणवला की मेंदू शरीराला सज्ज करतो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात वाढतात, हृदयाचे ठोके जलद होतात, स्नायू ताठरतात आणि पचन मंदावते. समोर खरोखर साप असता तर पळून जाण्यासाठी ही तयारी कामी आली असती. निकालापासून मात्र पळता येत नाही. ती तयारी मग शरीरातच साठून राहते. डोकेदुखी, पोटात मुरडा, भूक न लागणे किंवा सतत खात सुटणे, रात्री तीनला जाग येणे, लहानशा कारणावरून चिडणे, ही सारी त्याचीच रूपे आहेत.

त्यावर सर्वांत जुना उपाय म्हणजे अंगमेहनत. तालमींच्या आणि फुटबॉलच्या या शहरात तो कोणाला समजावून सांगावा लागू नये. तासभर खेळणे, पोहणे, सायकल चालवणे किंवा रंकाळ्याभोवती भरभर फेरी मारणे यांमुळे साठलेली अस्वस्थता खर्ची पडते आणि झोप सुधारते. दुसरा उपाय श्वासाचा. श्वास सावकाश घ्यावा आणि घेतला त्यापेक्षा अधिक वेळ लावून सोडावा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. पाच मिनिटे एवढे केले तरी फरक जाणवतो.

काय उपयोगी पडते?

पहिली गोष्ट म्हणजे मन रमेल असे काम. मन रमवणे आणि वेळ घालवणे यांत फरक आहे. मोबाईलवर बोट फिरवत तीन तास गेले, तरी मन निकालाभोवतीच घुटमळते. ज्या कामात थोडे आव्हान आहे, कौशल्य हळूहळू वाढते आणि आपण किती पुढे गेलो हे दिसते, त्या कामात माणूस स्वतःला विसरतो. प्रतीक्षेच्या काळात अशी तल्लीनता चिंता कमी करते, असे स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले आहे. तबला शिकणे, चित्र काढणे, टायपिंग, गाडी दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली काम करणे, स्वयंपाक शिकणे, गावी काजूच्या वा शेतीच्या कामात हातभार लावणे, यांतले काहीही चालेल.

दुसरी गोष्ट चिंतेला वेळ ठरवून देण्याची. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत मांडली. दिवसातील अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवायचा. इतर वेळी विचार आला की ‘याचा विचार संध्याकाळी सहाला’ असे म्हणून तो कागदावर टिपून ठेवायचा आणि हातातल्या कामाकडे वळायचे. सहा वाजता मात्र प्रामाणिकपणे बसून काळजी करायची. विचार करूच नको असे मनाला सांगितले तर ते ऐकत नाही. नंतर कर म्हटले तर पुष्कळदा ऐकते. झोपण्यापूर्वीचा तास मात्र यासाठी निवडू नये.

तिसरी गोष्ट पर्यायांची यादी. ‘वाईट विचार कशाला करायचा?’ म्हणून घरात हा विषय टाळला जातो. पण मनातली भीती आकारहीन असते तेव्हाच ती अक्राळविक्राळ वाटते. अपेक्षेएवढे गुण पडले तर काय, दहा टक्के कमी पडले तर काय, एखादा विषय राहिला तर काय, अशा तीन रकान्यांत प्रत्येकी दोन-तीन वाटा लिहून काढाव्यात. हे काम मधल्या निवांत आठवड्यांत करावे. आदल्या रात्री नव्हे.

याउलट काही गोष्टी हमखास ताण वाढवतात. प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा काढून गुणांची बेरीज करणे ही त्यांतली पहिली. दर वेळी बेरीज वेगळी येते आणि अनिश्चितता तेवढीच राहते. मित्रांच्या अंदाजांशी तुलना करणे, दिवसातून दहादा संकेतस्थळ उघडणे, रात्री जागून दिवसा झोपणे यांचाही लाभ काही नाही.

पालकांची प्रतीक्षा

मुलाइतकीच किंबहुना काकणभर अधिक घालमेल पालकांची असते. ती बाहेर पडते मात्र मुलाच्या दिशेने. ‘तेव्हा अभ्यास केला असतास तर आज ही वेळ आली नसती’ या वाक्याने गुण वाढत नाहीत. मूल घरात एकटे पडते. शेजारच्या किंवा नात्यातल्या मुलाचे उदाहरण देण्यानेही तेच होते. ‘काही टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य वरवर प्रेमळ असले, तरी त्याने मुलाचे बोलणे तिथेच थांबते. त्यापेक्षा ‘तुला कशाची जास्त धास्ती वाटते?’ असे विचारून गप्प बसणे आणि ऐकून घेणे अधिक मोलाचे.

एक गोष्ट मात्र निकालाआधीच, स्पष्ट शब्दांत सांगायला हवी : निकाल काहीही लागो, या घरातले तुझे स्थान बदलणार नाही. पालकांना ते गृहीत वाटते. मुलांना ते तसे वाटत नाही. क्लासच्या शुल्कासाठी काढलेले कर्ज, आईने मोडलेला दागिना, वडिलांनी साखर कारखान्यात वा दुकानात केलेले जादा काम हे सारे मुलांनी पाहिलेले असते. गुणांच्या रूपाने ते फेडायचे आहे, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडलेला असतो. तो हिशेब पालकांनीच पुसला पाहिजे.

नातेवाइकांच्या फोनचाही बंदोबस्त आधी करावा. ‘निकाल लागला की आम्हीच कळवू’ असे आई-वडिलांनी सांगून ठेवले, तर मुलाला वीस जणांना तेच उत्तर द्यावे लागत नाही.

निकालाचा दिवस

अलीकडच्या वर्षांत मंडळाचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन जाहीर होतो. एकाच वेळी लाखो जण संकेतस्थळावर गेल्याने ते मंदावते. १६ जुलै २०२१ रोजी दहावीच्या निकालाच्या वेळी संकेतस्थळे ठप्प झाली आणि विद्यार्थ्यांना कित्येक तास ताटकळावे लागले. पान उघडले नाही याचा अर्थ निकालात काही गडबड आहे, असा होत नाही. मंडळ एकाहून अधिक संकेतस्थळे देते. डिजिलॉकरवरही गुणपत्रिका मिळते. बैठक क्रमांक आणि आईचे नाव आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवावे.

निकाल कोणासोबत पाहायचा, हे मुलाला ठरवू द्यावे. काहींना घरचे सोबत हवे असतात, काहींना एकट्याने पाहायचा असतो. एकट्याने पाहायचा असल्यास घरात कोणीतरी असावे, एवढी दक्षता पुरे. आई-वडील दोघेही कामावर आणि मूल घरी एकटे, असे त्या दिवशी शक्यतो होऊ देऊ नये. चित्र पाठवून गुण जाहीर करण्याची घाईही नको. पहिला तास घरच्यांचा असावा.

गुण कमी पडले तर

हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांचे सहकारी टिमोथी विल्सन यांनी १९९८ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. अपयशाचे दुःख किती तीव्र असेल आणि किती काळ टिकेल, याचा आपला अंदाज नेहमी जास्तीचा असतो. कायम नोकरी नाकारल्या गेलेल्या प्राध्यापकांना आयुष्य संपल्यासारखे वाटेल असे आधी वाटत होते. काही वर्षांनी ते इतरांइतकेच समाधानी आढळले. निकालाच्या दिवशी वाटणारे दुःख खरे असते. ते कायमचे असेल हा अंदाज मात्र चुकीचा असतो.

व्यवस्थेतही आता पूर्वीइतकी कोंडी नाही. एकेकाळी नापास झालेल्याला ‘ऑक्टोबरची वारी’ करावी लागे आणि वर्ष वाया जाई. २०१५ पासून दहावीच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी निकालानंतर लगेच फेरपरीक्षा घेण्यास सुरुवात झाली. अलीकडे दहावी-बारावीच्या पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास होतात. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी ‘एटीकेटी’च्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो. गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी असल्यास गुणपडताळणी करता येते किंवा उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. छायाप्रत मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनासाठीही अर्ज करता येतो. या सर्वांना मुदत असते, म्हणून शाळेशी लगेच संपर्क साधावा. उत्तीर्ण होऊनही असमाधानी असलेल्यांसाठी श्रेणीसुधार योजना आहे. आयटीआय आणि तंत्रनिकेतनाची वाटही खुली आहे.

गुणवत्ता यादी जाहीर करण्याची पद्धत मंडळाने सुमारे दोन दशकांपूर्वी बंद केली, ती या चढाओढीला आळा बसावा म्हणूनच. चौकातल्या फलकांनी ती वेगळ्या रूपात परत आणली आहे. फलक लावणाऱ्या मंडळांनी पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावेही त्यावर घेतली, तर पेठेला एक चांगला पायंडा पडेल.

वर्षानुवर्षांची प्रतीक्षा

दहावी-बारावीची प्रतीक्षा दोन महिन्यांत तरी संपते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचे तसे नसते. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, अंतिम यादी आणि नियुक्ती अशा प्रत्येक टप्प्यावर थांबावे लागते. न्यायालयीन प्रकरणांमुळे हा काळ आणखी लांबतो. २०१९च्या राज्यसेवा परीक्षेतून निवड झालेल्यांना नियुक्तीसाठी दीर्घ काळ थांबावे लागले होते. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल ४ जूनला लागला. पण वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सुधारित निकाल येईपर्यंत २६ जुलै उजाडला. निकाल लागूनही न लागल्यासारखे ते दिवस होते.

अशा लांबलेल्या प्रतीक्षेत केवळ मन रमवणे पुरत नाही. अर्धवेळ काम, एखादी पदविका, किती प्रयत्न आणि कोणत्या वर्षापर्यंत याची घरच्यांशी बोलून ठरवलेली मर्यादा, यांची गरज असते. निकाल येईपर्यंत आयुष्य स्थगित ठेवणे, हाच या प्रतीक्षेतला सर्वांत मोठा धोका आहे.

मदत कधी घ्यावी?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्रातील संख्या सर्वाधिक, १ हजार ७६४ होती. एकाच कारणाने माणूस या टोकाला जात नाही आणि या सर्वांमागे परीक्षाच होती असेही नाही. पण परीक्षेच्या आणि निकालाच्या काळात मुलांकडे अधिक लक्ष असावे, एवढे हे आकडे नक्की सांगतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यांत म्हटले आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा जेवण बिघडणे, मित्रांना टाळणे, आवडत्या गोष्टींतून मन उडणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसलो तर बरे होईल’ अशा अर्थाचे बोलणे, ही लक्षणे दिसली तर थांबू नये. अशा वेळी ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारले, यानेच पुष्कळांना हायसे वाटते. उत्तर होकारार्थी आले, तर मुलाला एकटे सोडू नये आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात म्हणजेच ‘सीपीआर’मध्ये मानसोपचाराची सोय आहे.

लक्षात ठेवण्याजोगे

- केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा : दूरध्वनी क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, विनामूल्य, चोवीस तास. मराठीतूनही बोलता येते.
- अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८. तातडीच्या प्रसंगी ११२.
- निकालाची तारीख फक्त मंडळाच्या अधिकृत घोषणेवरूनच खरी मानावी.
- रोज एक तास अंगमेहनत, ठरलेल्या वेळी झोप, चिंतेसाठी ठरलेला अर्धा तास.
- पर्यायांची यादी निकालाच्या किमान दोन आठवडे आधी तयार ठेवावी.
- निकालाच्या दिवशी मूल घरी एकटे नसावे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये वसतिगृहांची चळवळ सुरू केली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तो शाळेचा उंबरा न पाहिलेल्या घरांतली मुले शिकावीत म्हणून. शिकणाऱ्या मुलांना जपण्याची ती परंपरा निकालपत्रावरच्या एका आकड्यापुरती आक्रसू नये. निकाल ठरल्या दिवशी लागेलच. तोवरचे दिवस मुलांना एकट्याने काढावे लागू नयेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.